प्रोलॉगमध्ये पर्याय कुठे उघडे ठेवायचे आणि कुठे छाटायचे: नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

प्रोलॉग या तर्कावर आधारलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेचे सुरुवातीचे दिवस फार छान जातात. तथ्यं लिहायची, नियम लिहायचे, प्रश्न विचारायचा, उत्तर येतं. मग एके दिवशी तेच उत्तर दोनदा येतं. दुसऱ्या दिवशी उत्तर येऊनही प्रोग्रॅम थांबत नाही, लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो आणि शेवटी स्टॅक भरल्याचा संदेश येतो. कुणीतरी सांगतं, «तिथं एक कट टाक,» म्हणजे उरलेले पर्याय छाटणारं उद्गारचिन्ह. कट टाकला की उत्तर एकदाच येतं, पण आठवड्याभराने लक्षात येतं की काही बरोबर उत्तरं गायब झाली आहेत.

हा सगळा गोंधळ एकाच जागी जन्मतो. आपण तर्क लिहितो, आणि यंत्र त्या तर्कातून वाट कशी निवडतं याकडे बघतच नाही. रॉबर्ट कोवाल्स्की यांनी १९७९ मध्ये अल्गोरिदमचे दोन भाग सांगितले: तर्क आणि नियंत्रण. काय खरं आहे ते तर्कात येतं, आणि ते कोणत्या क्रमाने शोधायचं ते नियंत्रणात. कॉलेजात एआयच्या विषयात प्रोलॉगची ओळख होते तेव्हा पहिल्या भागावर भर असतो. हा लेख दुसऱ्या भागाबद्दल आहे. उदाहरणं कोल्हापूर परिसरातल्या रस्त्यांची घेतली आहेत, म्हणजे उत्तर बरोबर आलं की चूक हे तुम्हाला नकाशा न बघता कळेल.

सुरू करण्यापूर्वी काय लागेल

- एसडब्ल्यूआय-प्रोलॉग. यान वीलेमाकर यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली मोफत मिळते आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालते.
- युनिकोडमध्ये फाइल जतन करणारा कोणताही एडिटर.
- देवनागरी कीबोर्ड. एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमध्ये प्रेडिकेटची (`रस्ता` सारख्या संबंधांची) आणि ॲटमची (`कागल` सारख्या ठरावीक गोष्टींची) नावं सरळ मराठीत देता येतात.
- वही आणि पेन. शोधाचं झाड हाताने काढल्याशिवाय बॅकट्रॅकिंग, म्हणजे अडलं की मागे फिरून पुढचा पर्याय घेणं, अंगवळणी पडत नाही. हे मी अगदी मनापासून सांगतो आहे.

टंकताना तीन गोष्टी सांभाळा. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नसतं, म्हणून चलाचं (व्हेरिएबलचं) नाव अंडरस्कोरने सुरू करायचं: `_गाव`, `_वाट`. नाहीतर प्रोलॉग त्याला ॲटम समजतो. दुसरं, खालच्या कोडमध्ये मेंबर, फाइंडऑल, वन्स, डिफ, टेबल अशी जी अंगभूत नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, ती आणि आकडे प्रत्यक्षात रोमन कीबोर्डवरून टंकायचे. तिसरं, एका गावाचं नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा. नृसिंहवाडी आणि नरसोबावाडी हे आपल्याला एकच गाव असलं तरी प्रोलॉगच्या लेखी ते दोन वेगळे ॲटम आहेत.

हा आपला नकाशा. सगळे उपप्रश्न यावरच सोडवायचे आहेत:

```
रस्ता(कोल्हापूर, कागल).
रस्ता(कोल्हापूर, हातकणंगले).
रस्ता(कागल, निपाणी).
रस्ता(हातकणंगले, इचलकरंजी).
रस्ता(हातकणंगले, जयसिंगपूर).
रस्ता(इचलकरंजी, कुरुंदवाड).
रस्ता(जयसिंगपूर, शिरोळ).
रस्ता(कुरुंदवाड, नृसिंहवाडी).
रस्ता(शिरोळ, नृसिंहवाडी).
```

१. उत्तरं किती हवीत ते आधी ठरवा

प्रेडिकेट लिहायच्या आधी त्याच्या डोक्यावर टिपणी लिहा: याला उत्तरं किती? नेमकं एक? शून्य किंवा एक? एक किंवा अनेक? की शून्यापासून कितीही? प्रोलॉगच्या लोकांत याला अनुक्रमे डेट, सेमीडेट, मल्टी आणि नॉनडेट म्हणतात. मेलबर्न विद्यापीठात तयार झालेल्या मर्क्युरी या भाषेत प्रेडिकेटबरोबर ही घोषणा करता येते आणि कंपायलर ती तपासतो. प्रोलॉग तसा आग्रह धरत नाही, म्हणून तो आपण धरायचा.

«कोल्हापूरहून थेट कुठं जाता येतं?» याला अनेक उत्तरं आहेत आणि ती सगळी हवी आहेत. «ऐंशी वर्षांच्या प्रवाशाचं तिकीट किती?» याला एकच उत्तर आहे, दुसरं आलं तर ती चूक. पहिल्या ठिकाणी कट टाकणं आणि दुसऱ्या ठिकाणी पर्याय मोकळे सोडणं, दोन्ही तितकंच वाईट. कट कुठे टाकू, असा प्रश्न मला जेव्हा जेव्हा विचारला जातो, तेव्हा मी उलट विचारतो की उत्तरं किती हवीत. बहुतेक वेळा विचारणाऱ्याने ते ठरवलेलंच नसतं.

२. यंत्र निवड कशी करतं ते हाताने काढून बघा

नियम दोनच आहेत. क्लॉज, म्हणजे एकेक तथ्य किंवा नियम, वरून खाली पाहिले जातात. एका क्लॉजमधले गोल, म्हणजे सिद्ध करायच्या गोष्टी, डावीकडून उजवीकडे घेतल्या जातात. जिथे एकापेक्षा जास्त क्लॉज जुळू शकतात तिथे यंत्र एक चॉइस पॉइंट ठेवून पुढे जातं. पुढे कुठे गाडी अडली की सर्वांत अलीकडच्या चॉइस पॉइंटवर परत येतं, तिथपासून पुढे चलांना मिळालेल्या किमती पुसतं आणि पुढचा पर्याय घेतं. १९७२ मध्ये मार्सेयला आलां कोलमेरॉअर यांच्या गटाने प्रोलॉग तयार केलं, आणि हाच खोलवर जाणारा शोध आजही त्याचा पाया आहे.

```
पोहोचता_येतं(_क, _ख) :- रस्ता(_क, _ख).
पोहोचता_येतं(_क, _ख) :- रस्ता(_क, _म), पोहोचता_येतं(_म, _ख).
```

आता विचारा: `पोहोचता_येतं(कोल्हापूर, नृसिंहवाडी).` वहीत झाड काढा. यंत्र आधी कागलला जातं, तिथून निपाणीला, आणि आपल्या नकाशात निपाणीच्या पुढे काहीच नाही म्हणून परत फिरतं. मग हातकणंगले, इचलकरंजी, कुरुंदवाड, नृसिंहवाडी: ट्रू. अर्धविरामाची कळ दाबा. पुन्हा ट्रू येतं, या वेळी जयसिंगपूर-शिरोळवरून. आणखी एकदा दाबा: फॉल्स, म्हणजे आता पर्याय संपले.

दोनदा ट्रू येणं ही चूक नाही. सिद्धता दोन आहेत म्हणून ते दोनदा येतं. हे एकदा पटलं की «प्रोलॉग तेच तेच सांगतं» ही तक्रार निम्मी मिटते.

छोट्या प्रश्नांवरही अर्धविराम दाबत चला. `रस्ता(कोल्हापूर, _ख).` विचारलं तर कागल येतं, मग हातकणंगले येतं आणि तिथेच पूर्णविराम पडतो, फॉल्स येत नाही. पहिल्या अर्ग्युमेंटवरच्या इंडेक्सिंगमुळे यंत्राला कळलेलं असतं की कोल्हापूरचं हे शेवटचं तथ्य. शेवटी पूर्णविराम आला की फॉल्स आला, यावरून मागे चॉइस पॉइंट उरला होता की नाही ते समजतं.

इथला सापळा: परत फिरताना चलांच्या किमती पुसल्या जातात, बाकी काही पुसलं जात नाही. पडद्यावर छापलेलं तसंच राहतं, असर्टने डेटाबेसमध्ये घातलेलं तथ्यही तसंच राहतं. शोधाच्या मधोमध छपाई किंवा असर्ट टाकाल तर फसलेल्या वाटांचा कचराही उत्तरात मिसळेल.

३. क्रम बदलला की अर्थ तोच राहतो, वागणं बदलतं

दुसरा क्लॉज असा लिहून पाहा:

```
पोहोचता_येतं(_क, _ख) :- पोहोचता_येतं(_क, _म), रस्ता(_म, _ख).
```

तर्काच्या दृष्टीने फरक काहीच नाही. पण आता प्रेडिकेट काहीही न घटवता स्वतःलाच बोलावतं. दोन्ही उत्तरं मिळतील, आणि दुसऱ्यांदा अर्धविराम दाबला की यंत्र खोल खोल जात राहील. हाच क्लॉज वर ठेवलात तर पहिलं उत्तरसुद्धा मिळणार नाही. एसडब्ल्यूआयमध्ये ६४-बिट संगणकावर स्टॅकची मर्यादा मुळात १ जीबी असते; ती भरली की त्रुटीचा संदेश येतो. ही मर्यादा वाढवायच्या मागे लागू नका, अनंत शोधाला कितीही जागा अपुरीच पडते.

क्रम लावताना मी हे पाळतो: पाया घालणारा क्लॉज वर, रिकर्शन करणारा, म्हणजे स्वतःलाच बोलावणारा, खाली. क्लॉजच्या आत, ज्या गोलला थोडीच उत्तरं आहेत तो आधी, रिकर्शन शेवटी.

४. चक्र आलं की भेट दिलेली गावं लक्षात ठेवा

खरे रस्ते दोन्ही बाजूंनी चालतात. म्हणून:

```
जोड(_क, _ख) :- रस्ता(_क, _ख).
जोड(_क, _ख) :- रस्ता(_ख, _क).
```

पोहोचता_येतं मध्ये रस्ताऐवजी जोड घातलंत की कोल्हापूर-कागल-कोल्हापूर-कागल अशी येरझार सुरू होईल. उपाय दोन आहेत. पहिल्यात वाट स्वतःबरोबर घेऊन चालायची:

```
वाट(_क, _ख, _वाट) :- वाट(_क, _ख, [_क], _वाट).

वाट(_क, _क, _, [_क]).
वाट(_क, _ख, _पाहिलेली, [_क|_पुढे]) :-
    जोड(_क, _म),
    \+ मेंबर(_म, _पाहिलेली),
    वाट(_म, _ख, [_म|_पाहिलेली], _पुढे).
```

`वाट(कोल्हापूर, नृसिंहवाडी, _वाट).` विचारा. इचलकरंजीवरून एक आणि जयसिंगपूरवरून एक अशा दोन वाटा मिळतील आणि शोध थांबेल.

दुसरा उपाय टेबलिंगचा. पोहोचता_येतं च्या वर `:- टेबल पोहोचता_येतं/२.` एवढी ओळ घाला. आता यंत्र विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरं साठवतं, तोच प्रश्न पुन्हा आला की साठवलेलं वापरतं. पायरी ३ मधली डावी रिकर्शनही मग सुखाने संपते, आणि प्रत्येक उत्तर एकदाच येतं. त्याची किंमत म्हणजे मेमरी लागते आणि उत्तरं कोणत्या क्रमाने येतील याची हमी राहत नाही. वाट कोणती ते हवं असेल तर पहिला उपाय घ्या, «पोहोचता येतं का» एवढंच हवं असेल तर टेबलिंग.

५. कट: अर्थ समजल्याशिवाय हात लावू नका

उद्गारचिन्हाचा हा कट नेमकं काय करतो ते आधी पाठ करा. यंत्र कट ओलांडतं तेव्हा त्या प्रेडिकेटचे खाली उरलेले क्लॉज बाद होतात, आणि त्याच क्लॉजमध्ये कटच्या डावीकडच्या गोलनी मागे सोडलेले पर्यायही बाद होतात. कटच्या उजवीकडचे गोल मात्र पुन्हा पुन्हा उत्तरं देऊ शकतात. ज्याने हे प्रेडिकेट बोलावलं, त्याने आधी ठेवलेल्या चॉइस पॉइंटलाही धक्का लागत नाही.

एसटीच्या तिकिटाचं उदाहरण घेऊ. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. महिलांना २०२३ पासून मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत इथे बाजूला ठेवू आणि फक्त पुरुष प्रवाशांचा विचार करू. नवशिका बहुतेक असं लिहितो:

```
सवलत(_वय, मोफत) :- _वय >= ७५, !.
सवलत(_वय, अर्धं) :- _वय >= ६५, !.
सवलत(_, पूर्ण).
```

`सवलत(८०, _स).` विचारलं तर मोफत येतं, एकदाच येतं. सगळे खूश. आता असं विचारा: `सवलत(८०, पूर्ण).` उत्तर येतं: ट्रू. म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजोबांचं पूर्ण तिकीट या प्रोग्रॅमने मान्य केलं!

काय झालं? पहिल्या क्लॉजच्या डोक्यात, म्हणजे `:-` च्या डावीकडे, मोफत आहे, प्रश्नात पूर्ण आहे, ते जुळलंच नाही. त्यामुळे वयाची अट तपासली गेली नाही आणि कटपर्यंत कुणी पोहोचलंच नाही. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्या क्लॉजला अट नाही, तो सगळ्यांना हो म्हणतो. कटच्या सगळ्या सापळ्यांत हा मला सर्वांत घातक वाटतो, कारण नेहमीच्या चाचणीत तो दिसतच नाही. दुसरं अर्ग्युमेंट आधीच भरून विचारलं तरच तो उघडा पडतो.

असा कट काढला तर प्रोग्रॅमचा अर्थ बदलतो. त्याला लाल कट म्हणतात. हिरवा कट काढला तरी उत्तरं तीच राहतात, फक्त वायफळ शोध वाढतो. लाल कटपासून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक क्लॉज स्वतःपुरता खरा लिहिणं:

```
सवलत(_वय, मोफत) :- _वय >= ७५.
सवलत(_वय, अर्धं) :- _वय >= ६५, _वय < ७५.
सवलत(_वय, पूर्ण) :- _वय < ६५.
```

आता कोणत्याही बाजूने विचारा, खोटं उत्तर येणार नाही. मागे राहिलेला चॉइस पॉइंट खुपत असेल तर पहिल्या दोन क्लॉजच्या शेवटी कट घाला. तो हिरवा असेल, कारण अटी एकमेकींना छेदत नाहीत. आणि काही कारणाने पहिलीच रचना ठेवायची असेल तर हा नियम पाळा: उत्तर डोक्यात लिहू नका, कट ओलांडल्यावर `_स = मोफत` असं जुळवा.

वेगाचं कारण सांगून कट घालणाऱ्यांना माझं एकच म्हणणं आहे: आधी कटशिवाय बरोबर चालू द्या, मग मोजा.

६. जर-तर-नाहीतर वापरा, पण त्याची अट काय गिळते ते बघा

एकच उत्तर हवं असलेल्या जागी बाण वापरून लिहिणं कटपेक्षा वाचायला सोपं:

```
सवलत(_वय, _स) :-
    (   _वय >= ७५ -> _स = मोफत
    ;   _वय >= ६५ -> _स = अर्धं
    ;   _स = पूर्ण
    ).
```

सापळे तीन. एक: «नाहीतर»चा भाग विसरलात आणि अट खोटी ठरली, तर पूर्ण रचनाच फेल होते. इतर भाषांत अशा वेळी काहीच घडत नाही, इथे प्रोग्रॅम मागे फिरतो. दोन: कंस विसरलात तर अर्धविराम अख्ख्या क्लॉजचे दोन तुकडे करतो. कंस नेहमी घाला, आणि वर दाखवले तसे एकाखाली एक.

तीन, आणि याच्यावर जरा थांबा. बाणाच्या डावीकडे जे आहे त्याचं फक्त पहिलं उत्तर घेतलं जातं. `( रस्ता(कोल्हापूर, _ग) -> ट्रू ; फेल )` विचारलं तर कागल येईल, हातकणंगले कधीच येणार नाही. अटीची सगळी उत्तरं हवी असतील आणि एकही नसेल तरच «नाहीतर»कडे जायचं असेल, तर एसडब्ल्यूआयमध्ये बाणाच्या आधी तारा लावलेलं चिन्ह आहे, `*->`, ज्याला सॉफ्ट कट म्हणतात. १९९५ च्या आयएसओ मानकात ते नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रणालीवर नेताना तपासा.

एखाद्या गोलचं पहिलंच उत्तर पुरेसं असेल तर `वन्स(...)` मध्ये गुंडाळा. वाचणाऱ्याला हेतू लगेच कळतो आणि परिणाम त्या गोलपुरताच राहतो. पण पहिलं उत्तर म्हणजे सर्वांत चांगलं नव्हे. `वन्स(वाट(कोल्हापूर, नृसिंहवाडी, _वाट))` इचलकरंजीची वाट देतं ती जवळची म्हणून नव्हे. ते तथ्य फाइलमध्ये वर आहे म्हणून.

७. नकार: «सापडलं नाही» म्हणजे «नाही» असं धरलं जातं

आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोळ तालुक्यातली गावं पाण्यात गेली होती, आणि पुणे-बेंगळुरू महामार्गसुद्धा शिरोलीजवळ बंद पडला होता. नृसिंहवाडी तर कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. तर रस्ता बंद असल्याची नोंद अशी करू:

```
बंद(शिरोळ, नृसिंहवाडी).

खुला(_क, _ख) :- जोड(_क, _ख), \+ बंद(_क, _ख).
```

`\+` म्हणजे «हे सिद्ध करता आलं नाही». किथ क्लार्क यांनी १९७८ मध्ये या कल्पनेला तर्काची बैठक दिली. इथे तीन खड्डे आहेत.

पहिला क्रमाचा. `\+ बंद(_क, _ख)` आधी लिहिलंत आणि गावं अजून ठरलेली नसतील, तर प्रश्न असा होतो: «एकही रस्ता बंद नाही ना?» एक बंद आहे, म्हणून सगळंच फेल. पायरी ४ मध्येही `\+ मेंबर` जोडच्या नंतर ठेवलं ते याच कारणाने. नकार चलाला किमती देत नाही, तो फक्त तपासतो. म्हणून किमती आल्यावरच त्याला बोलवा.

दुसरा दिशेचा. `खुला(नृसिंहवाडी, शिरोळ).` विचारा. ट्रू येईल, कारण बंदची नोंद उलट्या दिशेने आहे आणि या दिशेने काही सापडत नाही. जोड दोन्ही बाजूंनी घेतलंत तर बंदही दोन्ही बाजूंनी तपासायला हवं: `\+ बंद(_क, _ख), \+ बंद(_ख, _क)`.

तिसरा सर्वांत गंभीर. कुरुंदवाड-नृसिंहवाडी रस्त्याची कुणी नोंदच केली नसेल तर प्रोग्रॅम तो खुला म्हणेल. माहिती नसणं आणि रस्ता खुला असणं यांत पुराच्या दिवशी जीवाचा फरक आहे. जिथे «माहीत नाही» हे तिसरं उत्तर शक्य आहे तिथे नकारावर विसंबू नका. `स्थिती(शिरोळ, नृसिंहवाडी, बंद).` आणि `स्थिती(कोल्हापूर, कागल, खुला).` अशी दोन्ही बाजूंची तथ्यं ठेवा, आणि ज्याची स्थितीच नाही त्याला वेगळं दाखवा.

८. सगळी उत्तरं एकदम हवीत तेव्हा

`फाइंडऑल(_ग, रस्ता(कोल्हापूर, _ग), _यादी)` कागल आणि हातकणंगले यांची यादी देतं. निपाणीसाठी विचारलं तर रिकामी यादी देतं. बॅगऑफ मात्र निपाणीसाठी फेल होतं. त्यामुळे «एकही नसेल तर पुढे काय» याचा विचार करूनच दोघांतलं एक निवडा.

बॅगऑफचा दुसरा स्वभाव नवख्याला चकवतो. `बॅगऑफ(_ख, रस्ता(_क, _ख), _यादी)` एक मोठी यादी देत नाही. प्रत्येक `_क` साठी वेगळी यादी, एकेक करून देतं. सगळं एकत्र हवं असेल तर `_क^रस्ता(_क, _ख)` असं लिहायचं. सेटऑफ याच पद्धतीने चालतं, शिवाय क्रम लावतं आणि दुहेरी नोंदी काढतं. पोहोचता_येतं सारख्या प्रेडिकेटची दुहेरी उत्तरं तिथे आपोआप मिटतात.

अनंत उत्तरं देणाऱ्या गोलवर यातलं काहीच चालवू नका. हे सगळे शोध संपायची वाट बघतात.

९. अडकलात तर ट्रेस लावा

`ट्रेस.` म्हणा आणि प्रश्न विचारा. प्रत्येक गोलला चार दारं असतात: कॉल, एक्झिट, रीडू, फेल. १९८० मध्ये लॉरेन्स बर्ड यांनी मांडलेलं हे चित्र आजही डीबगिंगला तसंच उपयोगी पडतं. एंटर दाबत एकेक पाऊल जा, आणि लक्ष रीडूवर ठेवा. जिथे रीडू यायला नको होता तिथे तो आला तर जास्तीचा चॉइस पॉइंट आहे. जिथे यायला हवा होता आणि आला नाही, तिथे एखाद्या कटने किंवा बाणाने तो खाल्ला आहे. कॉलमागून कॉल येत असतील आणि एक्झिट किंवा फेल दिसतच नसेल, तर पायरी ३ कडे परत जा.

मोठ्या प्रोग्रॅमला पूर्ण ट्रेस लावू नका, त्या ढिगात काही सापडत नाही. संशय आहे त्या एकाच प्रेडिकेटवर स्पाय (फक्त तिथे थांबायची खूण) लावा.

१०. निवड पुढे ढकलायला शिका

आत्तापर्यंत आपण पर्याय छाटत होतो. पण पुष्कळदा खरा उपाय असतो निवड उशिरा करणं. एका गावातून निघणारी दोन वेगवेगळी गावं शोधायची आहेत:

```
फाटा(_म, _क, _ख) :- _क \== _ख, रस्ता(_म, _क), रस्ता(_म, _ख).
```

`\==` तपासलं जातं तेव्हा दोन्ही चलं मोकळी आहेत, ती दोन वेगळी चलं आहेत, म्हणून अट पास होते आणि मग कागल-कागल अशी जोडीही बाहेर पडते. त्याजागी `डिफ(_क, _ख)` लिहा. डिफ लगेच निकाल देत नाही. ते त्या चलांवर लक्ष ठेवून बसतं आणि दोन्ही सारखी झाली त्या क्षणी वाट बंद करतं. क्रम कुठलाही असो, उत्तर बरोबर येतं. फ्रीझही याच घराण्यातलं: चलाला किंमत मिळेपर्यंत गोल थांबवून ठेवतं.

आकड्यांच्या कोड्यांसाठी, म्हणजे परीक्षेचं वेळापत्रक किंवा शिफ्ट लावणं अशा कामांसाठी, सीएलपीएफडी ही लायब्ररी शिका. तिथे शिस्त एकच: आधी सगळी बंधनं मांडायची, लेबलिंग, म्हणजे चलांना प्रत्यक्ष किमती देऊन बघणं, सर्वांत शेवटी. लेबलिंगला एफएफ हा पर्याय दिलात तर ज्या चलाकडे सर्वांत कमी किमती उरल्या आहेत ते आधी घेतलं जातं. तर्काची एकही ओळ न बदलता एवढ्यानेच पुष्कळदा शोध कितीतरी लवकर आटोपतो.

११. पर्यायांचीही चाचणी लिहा

एसडब्ल्यूआयबरोबर पीएलयुनिट हे चाचण्यांचं साधन येतं. त्यात साधी चाचणी लिहिलीत, ती पास झाली पण मागे चॉइस पॉइंट राहिला, तर ते इशारा देतं. हा इशारा दाबून टाकायला लगेच नॉनडेट लिहू नका. पायरी १ ची टिपणी उघडा: या प्रेडिकेटला अनेक उत्तरं असतात असं तुम्हीच लिहिलं असेल तरच नॉनडेट लिहा, नाहीतर चॉइस पॉइंट कुठून आला ते शोधा.

प्रत्येक प्रेडिकेटला किमान चार प्रश्न विचारा: उत्तर मोकळं ठेवून, बरोबर उत्तर भरून, चुकीचं उत्तर भरून, आणि ज्याला उत्तरच नाही असा. सवलतीच्या उदाहरणात तिसऱ्या प्रश्नानेच चोर पकडला असता. अनेक उत्तरं असलेल्या ठिकाणी ऑल हा पर्याय वापरून पूर्ण यादी मागा, पहिल्या उत्तरावर समाधान मानू नका. नंतर कुणी «वेग वाढवतो» म्हणून कट घातला, तर त्याच दिवशी ही यादी छोटी होईल आणि चाचणी फेल होईल.